छेदस्थानी शून्य आले, तर टक्केवारी किती?

- प्रतिनिधी

शाळेचा निकाल, लसीकरणाचे उद्दिष्ट, धरणातील पाणीसाठा, करवसुली, मतदान... शासकीय कारभारात आणि वृत्तपत्रांच्या पानांवर टक्केवारीइतका सर्रास वापरला जाणारा दुसरा आकडा क्वचितच असेल. हे आकडे आता कोणी कागदावर मांडत नाही. संगणकातील माहितीच्या साठ्याला, म्हणजेच डेटाबेसला, एक प्रश्न विचारला जातो आणि क्षणार्धात शेकडो गावांची किंवा तालुक्यांची टक्केवारी पडद्यावर उमटते. हा प्रश्न ज्या भाषेत विचारला जातो ती भाषा म्हणजे एसक्यूएल. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताच्या आधारे आयबीएम कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये तिचे पहिले रूप सादर केले. अर्धशतक उलटले तरी बँका, रेल्वे आरक्षण, रुग्णालये आणि शासकीय योजना यांचा कारभार मोठ्या प्रमाणावर याच भाषेच्या आधारे चालतो.

टक्केवारी काढण्याची रीत प्राथमिक शाळेतील मुलालाही ठाऊक असते. अंशाला छेदाने भागावे आणि शंभराने गुणावे. मात्र छेदाच्या जागी शून्य आले की ही साधी रीत अडखळते. अशा वेळी संगणकाने काय करावे, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. त्याचे उत्तर कसे दिले जाते, यावर एखादा तालुका सुरक्षित ठरणार की नापास, हे अवलंबून असू शकते. म्हणूनच संगणक क्षेत्राबाहेरील वाचकांनीही तो समजून घेणे आवश्यक आहे.

भागाकार का अडतो?

बाराला चाराने भागले असता उत्तर तीन येते, कारण तीन गुणिले चार बरोबर बारा. आता बाराला शून्याने भागून पाहू. कोणत्या संख्येला शून्याने गुणले असता बारा येतील? अशी संख्याच अस्तित्वात नाही. शून्याला शून्याने भागायचे ठरवले तर याच्या उलट अडचण उद्भवते. कोणतीही संख्या घेतली तरी तिला शून्याने गुणल्यास शून्यच येते, त्यामुळे प्रत्येक संख्या हे उत्तर ठरू शकते. पहिल्या ठिकाणी उत्तर नाही आणि दुसऱ्या ठिकाणी उत्तरांना सीमा नाही. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे आकडेवारी तपासताना तो उपयोगी पडणार आहे.

या प्रश्नाने भारतीय गणितज्ञांना शतकानुशतके खुणावले. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात शून्यासंबंधीचे नियम दिले, त्यात शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असे म्हटले. नवव्या शतकातील महावीराचार्यांच्या मते शून्याने भागल्यास मूळ संख्येत काहीच बदल होत नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अशा राशीला 'खहर' असे नाव दिले आणि तिला अनंत मानले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापन केलेल्या मठाची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आढळते. आधुनिक गणिताने यांपैकी एकही उत्तर जसेच्या तसे स्वीकारलेले नाही. सामान्य अंकगणितात हा भागाकार अव्याख्यात मानला जातो, म्हणजेच तो करताच येत नाही.

डेटाबेसचे एकमत नाही

संगणकाच्या जगातही या बाबतीत एकवाक्यता नाही. ओरॅकल, पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हे डेटाबेस शून्याने भागण्याची वेळ येताच काम थांबवतात आणि त्रुटीचा संदेश देतात. ओरॅकलमध्ये या त्रुटीचा क्रमांक ०१४७६ आहे, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये ८१३४. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट मात्र न थांबता उत्तराच्या जागी 'नल' ठेवून पुढे जातात. मायएसक्यूएलमध्ये आणखी एक बारकावा आहे. माहिती नुसती वाचताना तो नल देतो, परंतु कडक नियमावली लागू असेल तर तीच आकडेमोड करून माहिती साठवताना तो त्रुटी दाखवतो. परिणामी एका डेटाबेसवर वर्षानुवर्षे निर्वेध चाललेला अहवाल दुसऱ्या डेटाबेसवर नेताच बंद पडू शकतो.

'नल' या संज्ञेचा अर्थ येथे स्पष्ट करणे योग्य ठरेल. नल म्हणजे शून्य नव्हे. शून्य ही एक संख्या आहे, तर नल म्हणजे त्या जागी कोणतीही किंमत उपलब्ध नसणे. हजेरीपटावर विद्यार्थ्यापुढे गैरहजेरीची खूण असणे वेगळे आणि त्या दिवशीचा रकाना कोराच असणे वेगळे. पहिली नोंद शून्यासारखी आहे, दुसरी नलसारखी.

काम थांबवणारा डेटाबेस अधिक प्रामाणिक आहे, असे म्हणता येईल, पण त्याचीही किंमत मोजावी लागते. महाराष्ट्रातील ३५८ तालुक्यांचा अहवाल काढताना एकाच तालुक्याच्या छेदस्थानी शून्य असेल, तर उरलेल्या ३५७ तालुक्यांचेही आकडे मिळत नाहीत. रात्री आपोआप तयार होणारा अहवाल सकाळी टेबलावर नसतो आणि कारण शोधता शोधता दुपार होते.

एका शून्यामुळे केवढा अनर्थ ओढवू शकतो, याचे बहुचर्चित उदाहरण अमेरिकेच्या नौदलातील आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये 'यॉर्कटाउन' ही क्रूझर व्हर्जिनिया राज्याच्या किनाऱ्याजवळ सरावावर असताना एका कर्मचाऱ्याने डेटाबेसच्या एका रकान्यात शून्य भरले. त्या शून्याने भागण्याचा प्रयत्न होताच संगणकांचे जाळे कोलमडले आणि जहाजाला गती देणारी यंत्रणा बंद पडली. युद्धनौका समुद्रात निश्चल उभी राहिली.

सर्वांत सोपा, पण घातक उपाय

अहवाल बंद पडू लागला की त्यावर बहुतेक ठिकाणी एक झटपट उपाय योजला जातो, तो म्हणजे छेद शून्य असेल तेथे टक्केवारीही शून्य दाखवणे. अहवाल पुन्हा सुरू होतो, तक्रारी थांबतात आणि प्रश्न सुटल्याचे समाधान लाभते. प्रत्यक्षात मात्र 'उत्तर नाही' या वस्तुस्थितीच्या जागी एक खोटे उत्तर बसवलेले असते.

हे खोटे उत्तर किती दिशाभूल करू शकते, हे करोनाकाळातील बाधित दराच्या उदाहरणावरून समजेल. एकूण चाचण्यांपैकी किती जण बाधित आढळले, याची टक्केवारी म्हणजे बाधित दर. महाराष्ट्र शासनाने ४ जून २०२१ च्या आदेशाद्वारे निर्बंध शिथिल करण्यासाठी पाच स्तर ठरवले. बाधित दर आणि ऑक्सिजनच्या व्यापलेल्या खाटांचे प्रमाण, असे दोन निकष त्यासाठी होते. बाधित दर ५ टक्क्यांपेक्षा कमी आणि ऑक्सिजनच्या २५ टक्क्यांपेक्षा कमी खाटा व्यापलेल्या असतील, तर पहिला, म्हणजे सर्वाधिक मोकळीक देणारा स्तर लागू होत असे. दुकाने किती वाजेपर्यंत उघडी राहणार, हे या टक्केवारीवर ठरत होते. त्या वेळी शून्याची गफलत झाली, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. टक्केवारीवर लोकांचा रोजगार आणि आरोग्य कसे अवलंबून असते, हे लक्षात यावे इतकाच या उदाहरणाचा हेतू आहे.

आता तीन काल्पनिक तालुके घेऊ. 'अ' तालुक्यात ४०० चाचण्यांत २४ बाधित आढळले, दर ६ टक्के. 'ब' तालुक्यात १०० चाचण्यांत ८ बाधित, दर ८ टक्के. 'क' तालुक्यात चाचणी संच पोहोचलेच नाहीत, त्यामुळे चाचण्या शून्य आणि बाधितही शून्य. वरील झटपट उपायानुसार 'क' तालुक्याचा दर शून्य टक्के दिसेल आणि जेथे कोणतीच तपासणी झाली नाही तोच तालुका यादीत सर्वांत सुरक्षित ठरेल.

एवढ्यावरच हे थांबत नाही. तिन्ही दरांची सरासरी काढल्यास ६, ८ आणि शून्य यांची बेरीज १४ आणि तिला तिनाने भागून ४.६७ टक्के येतात. म्हणजे एकत्रित दर ५ टक्क्यांच्या आत! 'क' च्या जागी नल ठेवल्यास एसक्यूएलमधील सरासरीची आज्ञा तो रकाना वगळते आणि उत्तर ७ टक्के येते. वास्तविक योग्य रीत तिसरीच आहे. सर्व बाधितांची बेरीज ३२, सर्व चाचण्यांची बेरीज ५०० आणि त्यावरून दर ६.४ टक्के. तालुके लहानमोठे असताना त्यांच्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढणे हेच मुळात सदोष असते. आधी बेरजा कराव्यात आणि भागाकार शेवटी एकदाच करावा.

गंमत अशी की हाच उपाय दुसऱ्या ठिकाणी नेमका उलटा अन्याय करतो. एखाद्या वाडीत त्या महिन्यात लसीकरणास पात्र असे एकही बालक नसेल, तर तेथील लसीकरण शून्य टक्के दिसेल. काहीही चूक नसताना तेथील आरोग्यसेविकेच्या नावापुढे लाल शेरा उमटेल. एकच शून्य बाधित दरात पहिला क्रमांक देते आणि लसीकरणात शेवटचा. शून्याऐवजी शंभर टक्के दाखवण्याची पद्धत अवलंबली तरी अन्यायाची फक्त दिशा बदलते.

नलइफचा उपयोग

यावरील शिस्तशीर उपाय एसक्यूएलमध्येच उपलब्ध आहे. १९९२ च्या प्रमाणित आवृत्तीत 'नलइफ' या आज्ञेचा समावेश झाला. कंसात दिलेल्या दोन किमती समान असतील तर ती नल देते, अन्यथा पहिली किंमत जशीच्या तशी परत करते. छेदाला या आज्ञेचे कवच घातले की काम भागते. (एसक्यूएलच्या आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहितात. येथे त्या उच्चारानुसार दिल्या आहेत.)

सिलेक्ट तालुका, १००.० * बाधित / नलइफ(चाचण्या, ०) फ्रॉम दैनिक_नोंद;

चाचण्यांची संख्या शून्य असेल तर छेदाच्या जागी नल येते. नलने भागल्यास त्रुटी उद्भवत नाही, उत्तर नल मिळते. उरलेल्या तालुक्यांचे आकडे नेहमीप्रमाणे दिसतात आणि या तालुक्याचा रकाना कोरा राहतो. वर उल्लेखिलेल्या पाचही डेटाबेसमध्ये ही आज्ञा चालते.

येथे बाधितांना १०० ऐवजी १००.० ने गुणले आहे, तेही सहेतुक. पोस्टग्रेएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइटमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले असता दशांश भाग गळून पडतो. २४ ला ४०० ने आधी भागले तर उत्तर ०.०६ ऐवजी शून्य मिळते आणि मग त्याला शंभराने गुणूनही शून्यच हाती येते. दशांशचिन्ह असलेल्या संख्येने आधीच गुणून घेतल्यास हा धोका टळतो. अहवालातील सगळ्याच टक्केवाऱ्या शून्य दिसू लागल्या, तर प्रथम हे कारण तपासावे.

'केस' या आज्ञेनेही हेच साध्य करता येते. 'चाचण्या शून्य असतील तेव्हा नल, अन्यथा भागाकार' अशी अट सविस्तर लिहिल्यास नंतर वाचणाऱ्याला हेतू अधिक स्पष्ट होतो. मात्र एका ठिकाणी सावध राहावे लागते. बेरीज वा सरासरीसारख्या समूहावरील आज्ञांची आकडेमोड केसमधील अट तपासण्यापूर्वीच होते. त्यामुळे सरासरीच्या कंसातच भागाकार असेल, तर बाहेरची अट त्याचे रक्षण करू शकत नाही. अशा वेळी नलइफ थेट छेदालाच लावणे श्रेयस्कर.

काही जण 'व्हेअर' ही अट घालून चाचण्या शून्य असलेल्या ओळी मुळातच वगळतात. याने त्रुटी टळेलच याची खात्री नसते. एकाच अटीत 'चाचण्या शून्याहून अधिक' आणि 'भागाकार अमुक इतका' असे दोन्ही लिहिले, तर त्यांपैकी आधी काय तपासायचे हे डेटाबेस स्वतः ठरवतो, लिहिण्याचा क्रम तो पाळेलच असे नाही. शिवाय त्रुटी टळली तरी 'क' तालुका यादीतून नाहीसा होतो. चाचण्या न झालेला तालुका दिसेनासा झाला, की तेथे संच पाठवण्याची आठवणही कोणाला होत नाही.

नवीन प्रणालींनी यासाठी तयार सोयी दिल्या आहेत. गुगलच्या बिगक्वेरीमधील 'सेफ डिव्हाइड' ही आज्ञा अशा वेळी नल देते. स्नोफ्लेकमधील 'डिव्ह झिरो' मात्र शून्य देते. सोय वापरण्यापूर्वी ती नेमके काय उत्तर देते, हे पाहून घेतलेले बरे.

दोन शून्यांतील फरक

आरंभी नमूद केलेला भेद आता उपयोगी पडतो. 'क' तालुक्यात शून्य भागिले शून्य अशी स्थिती होती. त्याचा अर्थ इतकाच, की दराविषयी काहीही ठाऊक नाही, खरा दर कितीही असू शकतो. परंतु एखाद्या तालुक्यात चाचण्या शून्य आणि बाधित १० अशी नोंद असेल तर? चाचणीविना बाधित सापडणे अशक्य आहे. चाचणी एका तारखेला आणि तिचा निष्कर्ष दुसऱ्या तारखेला नोंदवला गेल्याने, किंवा एखाद्या प्रयोगशाळेची माहिती येणे बाकी असल्याने असे घडू शकते. येथे भागाकाराचा प्रश्नच दुय्यम ठरतो, मूळ नोंदीतच दोष आहे.

नलइफ या दोन्ही ठिकाणी सारखाच कोरा रकाना देते आणि त्यामुळे नोंदीतील दोष झाकला जाण्याची भीती असते. म्हणून टक्केवारीच्या अहवालासोबत आणखी एक छोटा प्रश्न रोज विचारणे आवश्यक ठरते.

सिलेक्ट तालुका, बाधित फ्रॉम दैनिक_नोंद व्हेअर चाचण्या = ० अँड बाधित > ०;

या प्रश्नाला उत्तरादाखल एकही ओळ आली नाही, तर नोंदी किमान या बाबतीत सुसंगत आहेत. ओळी आल्या, तर टक्केवारी प्रसिद्ध करण्यापूर्वी संबंधित कार्यालयाला दूरध्वनी करणे इष्ट.

आधारच शून्य असतो तेव्हा

वाढीचा दर काढतानाही हीच अडचण येते, कारण तेथे छेदस्थानी मागील वर्षाचा आकडा असतो. टाळेबंदीमुळे एप्रिल २०२० मध्ये मारुती सुझुकीने देशांतर्गत बाजारात एकही मोटार विकली नाही. साहजिकच एप्रिल २०२१ ची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत किती टक्क्यांनी वाढली, या प्रश्नाला उत्तरच नाही. शून्यावरून हजारावर गेलेली विक्री शंभर टक्क्यांनी वाढली म्हणणे जितके चूक, तितकेच ती शून्य टक्क्यांनी वाढली म्हणणेही चूक. अशा वेळी तुलनेचा आधार बदलावा लागतो, उदाहरणार्थ एप्रिल २०१९ किंवा मार्च २०२१, आणि तसे स्पष्ट नमूद करावे लागते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने त्याच महिन्याच्या औद्योगिक उत्पादन निर्देशांकाबाबत असाच संयम दाखवला. अनेक उद्योगांनी शून्य उत्पादन कळवल्याचे सांगून त्या महिन्याची आधीच्या महिन्यांशी तुलना योग्य ठरणार नाही, असे कार्यालयाने जाहीर केले. निर्देशांक दिला, परंतु तुलनेचा मोह टाळला.

कोऱ्या रकान्यात काय लिहावे?

डेटाबेसने नल दिल्यानंतरचे काम अहवाल तयार करणाऱ्याचे आहे. नुसता कोरा रकाना पाहून वाचक गोंधळतो आणि कित्येकदा पुढील टेबलावरील कर्मचारी त्यात स्वतःच शून्य भरतो. एसक्यूएलमध्ये नलच्या जागी पर्यायी किंमत ठेवण्यासाठी 'कोअलेस' ही आज्ञा आहे. नलइफने काळजीपूर्वक मिळवलेली नल या आज्ञेने पुन्हा शून्यात बदलण्याची चूक अनेक ठिकाणी आढळते. तसे केल्यास सारे श्रम वाया जातात. त्याऐवजी प्रत्यक्ष छापताना तेथे 'लागू नाही', 'चाचणी झाली नाही' अथवा 'नोंद अप्राप्त' यांपैकी खरे असेल ते शब्दांत लिहावे. पात्र बालक नसणे, चाचणी न होणे आणि माहितीच न येणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांवरील उपायही वेगळे आहेत.

टक्केवारीशेजारी अंश आणि छेद हे मूळ आकडे छापणेही तितकेच अगत्याचे. तसे केल्याने शून्याचा प्रश्न लपून राहत नाही आणि अतिशय लहान छेदाचाही उलगडा होतो. एकच विद्यार्थी परीक्षेस बसला आणि उत्तीर्ण झाला, तर शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो. आकडा खोटा नसतो, पण तीनशे विद्यार्थ्यांच्या शाळेशेजारी तो ठेवला की वाचकाची फसगत होते.

शासकीय संकेतस्थळावर किंवा वृत्तपत्रात पुढच्या वेळी एखाद्या गावापुढे शून्य टक्के हा आकडा दिसला, तर वाचकांनी एवढेच विचारावे: शून्य टक्के, पण कितीपैकी? या प्रश्नाचे उत्तर अहवालातच मिळत असेल, तर तो तयार करणाऱ्याने आपले काम चोख बजावले आहे, असे समजावे.